पारागोमिनासचा नकाशा: तुटलेले जंगल आणि पोखरलेले जंगल

जानेवारी २००८ मध्ये ब्राझीलच्या केंद्र सरकारने ॲमेझॉन खोऱ्यातील ३६ पालिकाक्षेत्रांची यादी प्रसिद्ध केली. जिथे जंगलतोड सर्वाधिक होती अशी ही क्षेत्रे होती, आणि त्यांची निवड उपग्रहाच्या प्रतिमांवरून वर्षानुवर्षे तयार होत आलेल्या नकाशाच्या आधारे झाली होती. पारा राज्याच्या पूर्व भागातील पारागोमिनास हे त्यांपैकी एक. मार्च २०१० मध्ये, म्हणजे जेमतेम सव्वादोन वर्षांनी, या यादीतून सर्वांत आधी बाहेर पडलेले पालिकाक्षेत्रही पारागोमिनासच होते. मधल्या काळात तिथे काय घडले, त्यात नकाशाचा वाटा किती आणि माणसांचा किती, आणि ज्या नकाशाने हा बदल शक्य केला त्याच नकाशाला पुढे काय दिसले नाही, हे तपासणे हा या लेखाचा विषय आहे.

जगातल्या जंगलांचे नकाशे आज घरबसल्या उघडता येतात, हवा तो भाग मोठा करून पाहता येतो, वर्षे मागेपुढे सरकवता येतात. हे अत्यंत मोलाचे साधन आहे असे मी मानतो, आणि म्हणूनच ते नेमके कशामुळे उपयोगी पडते आणि कुठे अडते हे एका ठिकाणाच्या संदर्भात बारकाईने समजून घेतले पाहिजे असेही मला वाटते.

आरागिरण्यांचे गाव

पारा, गोयास आणि मिनास जेराइस या तीन राज्यांच्या नावांचे सुरुवातीचे भाग जुळवून ‘पारागोमिनास’ हे नाव तयार झाले. बेलेम ते ब्राझिलिया हा महामार्ग जंगलातून काढला गेला आणि त्याच्या आधाराने १९६५ मध्ये हे पालिकाक्षेत्र स्थापन झाले. ‘पालिका’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर एखादे शहर येते. पण पारागोमिनासचे क्षेत्रफळ सुमारे १९,३०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षाही अधिक. मधोमध एक शहर आणि सभोवती शेकडो मोठ्या मालमत्ता, अशी त्याची रचना आहे.

त्या काळी जंगल साफ करणे हाच जमीन ‘वापरात’ आणल्याचा पुरावा मानला जाई. दक्षिणेकडून आलेल्या कुटुंबांनी म्हणून आधी झाडे काढून गुरांसाठी कुरणे केली. पावसाळी जंगलाखालची माती वरवरच सुपीक असते. काही वर्षांत कुरणे निकस झाली, झुडपांनी भरली, आणि लोक लाकडाकडे वळले. १९९० च्या सुमारास एकट्या पारागोमिनासमध्ये शंभराहून अधिक आरागिरण्या चालत होत्या. त्यांच्या मागोमाग कोळशाच्या भट्ट्या आल्या, कारण पूर्व ॲमेझॉनमधील कच्चे लोखंड वितळवणाऱ्या कारखान्यांना लाकडी कोळसा लागत असे. २००८ पर्यंत या क्षेत्रातील सुमारे ४५ टक्के मूळ जंगल नाहीसे झाले होते.

नकाशा कसा पाहतो

ब्राझीलची अवकाश संशोधन संस्था, जिला तिच्या आद्याक्षरांवरून ‘इन्पे’ म्हणतात, १९८८ पासून ‘प्रोदेस’ या कार्यक्रमाखाली दरवर्षी ॲमेझॉनमधील तोड मोजते. लँडसॅट जातीच्या उपग्रहांच्या प्रतिमेतील एक चौकट ३० मीटर लांब आणि तितकीच रुंद असते. आपल्या हिशेबात सांगायचे तर एक चौकट म्हणजे साधारण नऊ गुंठे. प्रोदेस ६.२५ हेक्टरांपेक्षा, म्हणजे सुमारे साडेपंधरा एकरांपेक्षा मोठी संपूर्ण तोड नोंदवते, आणि तिचे वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे असते, कारण कोरड्या हंगामातच तोड होते आणि त्याच काळात आकाश निरभ्र असल्याने प्रतिमाही चांगल्या मिळतात.

वर्षातून एकदा मिळणारा आकडा संशोधनासाठी उत्तम असतो. वनरक्षकासाठी मात्र तो झालेल्या नुकसानीचा पंचनामा असतो. ही उणीव भरून काढण्यासाठी २००४ मध्ये ‘देतेर’ ही तातडीच्या सूचनांची व्यवस्था सुरू झाली. तिच्यासाठी वापरलेला मोडिस हा संवेदक रोज त्याच भागावरून जातो, पण त्याची चौकट २५० मीटरांची असते. एका चौकटीत ६.२५ हेक्टर मावतात, आणि विश्वासाने ‘इथे तोड झाली’ असे म्हणायला किमान चार चौकटी बदललेल्या दिसाव्या लागत. म्हणून देतेरला २५ हेक्टरांपेक्षा, म्हणजे सुमारे ६२ एकरांपेक्षा लहान तोड दिसत नसे. वेग हवा तर बारकावा सोडावा लागतो, असा हा व्यवहार होता. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. ती गोष्ट ओघाने येईलच.

हे नकाशे संस्थेच्या कपाटात राहिले नाहीत. इन्पेने प्रतिमा आणि तोडीचे नकाशे महाजालावर सर्वांना खुले केले. आज ‘तेर्राब्रासिलिस’ या संकेतस्थळावर कोणालाही पालिकाक्षेत्र निवडून वर्षनिहाय आकडे आणि प्रत्येक तोडीची सीमारेषा पाहता येते. पारागोमिनास उघडून पाहावे. महामार्ग एखाद्या कण्यासारखा उत्तर-दक्षिण जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना रस्ते फुटतात, आणि त्या रस्त्यांना लागून काटकोन चौकोनांचे तुकडे दिसतात. नदी, ओढा, टेकडी यांच्या कडा वेड्यावाकड्या असतात. दोन किलोमीटर सरळ गेलेली कड दिसली की तिथे साखळदंड आणि ट्रॅक्टर गेले होते हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. २००४ मध्ये एका वर्षात संपूर्ण ब्राझिलियन ॲमेझॉनमध्ये २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल तोडले गेले, हा आकडा ऐकून जे कळत नाही ते त्या सरळ कडा पाहून कळते.

कुठे तुटले ते दिसत होते. कोणी तोडले ते दिसत नव्हते

यादीत नाव येणे ही केवळ बदनामी नव्हती. केंद्राच्या पर्यावरण यंत्रणेच्या, म्हणजे ‘इबामा’च्या धाडी वाढल्या, नवीन तोडीचे परवाने कठीण झाले, आणि २००८ च्या मध्यापासून ॲमेझॉनमधील शेतकर्ज जमिनीच्या व पर्यावरणाच्या कागदपत्रांशी जोडले गेले. आरागिरण्यांना टाळे लागू लागले, भट्ट्या पाडल्या गेल्या. ज्या गावाचे पोट लाकडावर आणि गुरांवर होते, त्या गावाच्या दृष्टीने हा आघात होता. फेब्रुवारी २००८ मध्ये महापौर अदनान देमाश्की यांच्या पुढाकाराने शेतकरी संघटना, व्यापारी, कामगार आणि इतर अशा सुमारे पन्नास संस्थांनी ‘शून्य जंगलतोड’ करारावर सह्या केल्या.

करार झाला तरी एक अडचण मुळाशी होती. उपग्रह अक्षांश-रेखांश सांगतो. सातबाऱ्यावरचे नाव सांगत नाही. ॲमेझॉनमध्ये तर बहुतेक मालमत्तांच्या हद्दींचा विश्वासार्ह नकाशाच नव्हता. तोडीचा तुकडा नकाशावर लख्ख दिसे आणि त्याखालच्या जमिनीचा मालक कोण, याचे उत्तर कोणाकडेही नसे. दंड कोणाला करायचा? कर्ज कोणाचे थांबवायचे? यादीतून बाहेर पडण्यासाठी केंद्राने घातलेल्या अटी याच दुखण्यावर बोट ठेवणाऱ्या होत्या: वर्षाची तोड ४० चौरस किलोमीटरच्या आत आणावी, आणि संरक्षित क्षेत्रे वगळता पालिकाक्षेत्राच्या ८० टक्के जमिनीची ग्रामीण पर्यावरणीय नोंदणी पूर्ण करावी. या नोंदणीला तिथे ‘कार’ म्हणतात. प्रत्येक मालकाने आपल्या जमिनीची हद्द नकाशावर आखून द्यायची, त्यात जंगल किती, कुरण किती, ओढ्याकाठची राखीव पट्टी कुठे, हे दाखवायचे. ॲमेझॉनच्या जंगलपट्ट्यात खाजगी मालमत्तेचा ८० टक्के भाग जंगलाखाली राखावा असा ब्राझीलचा वनकायदा आहे. तो कागदावर जुना होता, पण तो पाळला जातो की नाही हे मालमत्तेगणिक तपासण्याची सोय या नोंदणीनेच प्रथम झाली.

या सगळ्या प्रकरणाचा गाभा माझ्या मते इथे आहे. तोडीचा थर आणि मालमत्तेचा थर एकमेकांवर ठेवले गेले त्या दिवशी नकाशाला जोर आला. त्यापूर्वी तो चित्र होता. त्यानंतर तो नोटीस पाठवण्याचा पत्ता झाला. हे काम बसल्या जागी झालेले नाही. शेतकरी संघटनेने सभासदांना समजावले, निसर्ग संवर्धनाच्या संस्थांनी मोजणीसाठी तंत्रज्ञ दिले, पालिकेने पर्यावरण विभाग उभा केला. सरकारी निरीक्षकाच्या हाती आपल्या जमिनीची हद्द स्वतःहून द्यायची, या कल्पनेने बिथरलेल्या जमीनमालकांना ‘नोंदणी नाही तर कर्ज नाही आणि गुरांना गिऱ्हाईक नाही’ हे वास्तव हळूहळू पटत गेले.

बेलेममधील ‘इमाझोन’ ही संशोधन संस्था इन्पेपेक्षा स्वतंत्रपणे उपग्रह प्रतिमा तपासून दर महिन्याला तोडीच्या सूचना काढत असे. पारागोमिनासशी झालेल्या समझोत्यानुसार त्या सूचना अक्षांश-रेखांशांसह पालिकेला मिळू लागल्या. त्यानंतरचे काम जीप आणि हातातले जीपीएस यंत्र घेऊन करायचे होते. पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे डांबरी रस्त्यावरून दीड-दोन तास, पुढे लाल मातीचा रस्ता, मग फाटक, आणि फाटकामागे खरोखर काय आहे ते पाहणे. जुन्या कुरणात वाढलेली झुडपे मालकाने साफ केली असली तरी वरून ती तोडीसारखीच दिसू शकतात. जळालेले गवत असेल, ओल्या जमिनीचा पोत बदललेला असेल, किंवा खरोखरच जुने जंगल आडवे झालेले असेल. ठिपका खरा की खोटा हे जमिनीवरूनच ठरते, आणि तो खोटा निघाला तर तसे नोंदवण्याची शिस्त असेल तरच पुढच्या खऱ्या ठिपक्यावर लोक विश्वास ठेवतात.

नोव्हेंबर २००८

ही वाट सरळ नव्हती. नोव्हेंबर २००८ मध्ये इबामाच्या पथकाने बेकायदा लाकडाने भरलेले ट्रक जप्त केले. ते लाकूड तेंबे या आदिवासी समाजाच्या राखीव क्षेत्रातून आलेले होते. शहरात जमाव जमला, इबामाच्या कार्यालयावर चालून गेला, वाहने पेटवली आणि जप्त केलेले ट्रक पळवून नेले. करारावर सह्या होऊन नऊ महिने झाले होते. त्या रात्री पारागोमिनासचे नाव देशभर पुन्हा एकदा आगीशी जोडले गेले.

पुढे काय झाले हे मात्र अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे. शहरातील संस्थांनी जमावाच्या बाजूने उभे न राहता हल्ल्याचा जाहीर निषेध केला आणि करार कायम ठेवला. ज्यांची रोजीरोटी बुडाली होती त्यांचा राग खोटा नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. आरागिरणीत फळ्या उचलणाऱ्या मजुराला कर्जाच्या अटींशी आणि गोमांसाच्या बाजाराशी काही देणेघेणे नव्हते. नकाशाधिष्ठित कारवाईचे ओझे बहुतेक वेळा आधी त्याच्यावर पडते आणि जमिनीच्या मालकावर नंतर. पारागोमिनासमध्येही तेच झाले, आणि यशोगाथा सांगताना ही बाजू वगळली जाते याचे मला वाईट वाटते.

२००९ च्या वर्षात तोड ४० चौरस किलोमीटरच्या आत आली, नोंदणीने ८० टक्क्यांचा टप्पा ओलांडला, आणि मार्च २०१० मध्ये नाव यादीतून निघाले. पुढच्याच वर्षी पारा राज्याने ‘हरित पालिका’ हा कार्यक्रम सुरू केला तो याच नमुन्यावर.

ढगांनी दिलेला पुरावा

इथे एक रास्त शंका घ्यायला हवी. २००४ नंतर संपूर्ण ॲमेझॉनमध्ये तोड उतरत होती आणि २०१२ मध्ये ती ४,५७१ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आली. याच काळात सोयाबीन आणि गोमांसाचे भावही काही वर्षे पडले होते, आणि सोया व्यापाऱ्यांनी २००६ पासून नव्याने तोडलेल्या जमिनीवरचे पीक न घेण्याचे ठरवले होते. मग श्रेय नकाशाचे कशावरून?

ज्युलियानो असुनसाओ, क्लारिसा गांदूर आणि रोमेरो रोशा या ब्राझीलच्या अर्थशास्त्रज्ञांनी या शंकेचे उत्तर ढगांमध्ये शोधले. देतेरचा संवेदक ढगांपलीकडे पाहू शकत नाही. एखाद्या वर्षी एखाद्या पालिकाक्षेत्रावर ढग अधिक राहिले तर तिथे सूचना कमी निघतात, आणि ढग कुठे राहतील हे कोणाच्या हातात नसते. त्यांनी पाऊस, तापमान आणि बाजारभाव यांचा परिणाम वेगळा काढून पाहिले, तेव्हा ज्या ठिकाणी ढगांमुळे उपग्रहाची नजर अडली तिथे त्या वर्षी दंडाच्या कारवाया कमी झाल्या आणि पुढच्या वर्षी तोड वाढली, असे दिसून आले. म्हणजे नकाशा जिथे आंधळा झाला तिथे कायदाही आंधळा झाला. इतका स्वच्छ पुरावा पर्यावरण धोरणात क्वचितच मिळतो. त्यातून आणखी एक गोष्ट सिद्ध होते: तोड थांबवण्याचे काम नकाशाने प्रत्यक्ष केलेले नाही, नकाशा पाहून निघालेल्या पथकाने केले.

नकाशाला न दिसलेले जंगल

२५ हेक्टरांची मर्यादा तोड करणाऱ्यांपर्यंत पोहोचायला फार वेळ लागला नाही. मोठे तुकडे कमी होत गेले आणि एकूण तोडीत लहान तुकड्यांचा वाटा वाढत गेला. त्यामुळे इन्पेला देतेर बदलावी लागली, आणि २०१५ पासून तिच्या नव्या आवृत्तीसाठी चीन-ब्राझील संयुक्त उपग्रहाबरोबरच भारताच्या रिसोर्ससॅट उपग्रहावरील ५६ मीटर चौकटीचा संवेदक वापरला गेला. पुढे २८ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्राझीलचा स्वतःचा ‘ॲमेझोनिया-१’ हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीनेच अवकाशात गेला. त्या जंगलावरच्या पहाऱ्यात भारताचा असा हात लागला आहे, याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही.

लहान तुकड्यांचा प्रश्न चौकट बारीक करून सुटण्यासारखा होता. त्याहून गंभीर प्रश्न वेगळाच होता. प्रोदेसच्या व्याख्येत जंगल एक तर उभे असते किंवा तुटलेले. पारागोमिनासमधील उरलेल्या जंगलाचा मोठा भाग या दोन्हींच्या मधला होता. किमती झाडे निवडून काढलेली, ती ओढून नेण्यासाठी ट्रॅक्टरच्या वाटा पाडलेल्या, आणि मग एखाद्या कोरड्या वर्षी शेजारच्या कुरणातली आग आत शिरलेली. अशा जंगलात उभे राहिले तर छताला पडलेल्या भोकांतून ऊन थेट जमिनीवर येताना दिसते. अस्पर्श जंगलात जो पालापाचोळा वर्षभर ओलसर राहतो, तो इथे पायाखाली कुरकुरतो. आग लागली तर ज्वाळा फूटभर उंचीच्या असतात आणि चालत्या माणसापेक्षा सावकाश सरकतात. पाहणाऱ्याला त्यात भीतिदायक काही वाटत नाही. पण ॲमेझॉनच्या झाडांना आगीची सवय नाही, त्यांची साल पातळ असते, आणि त्या संथ ज्वाळेने बुंध्याला शेक बसलेली झाडे पुढे कित्येक वर्षे एकेक करून मरत राहतात. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला या काळात हिरवे छतच दिसत राहते, आणि पुढच्या एक-दोन पावसाळ्यांत वेलींनी आणि झटपट वाढणाऱ्या झाडांनी छतातली भोकेही झाकली जातात.

या जंगलाची मोजदाद नंतर पारागोमिनास आणि सांतारेम या दोन भागांत संशोधकांनी जमिनीवर जाऊन केली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार ज्या जंगलात निवडक तोड आणि आग दोन्ही होऊन गेली होती, तिथे जमिनीवरच्या वनस्पतींमधील कार्बनचा साठा अस्पर्श जंगलापेक्षा सरासरी ४० टक्क्यांनी कमी होता. २०१६ मध्ये जॉस बार्लो आणि सहकाऱ्यांनी ३६ लहान पाणलोट क्षेत्रांतील १,५३८ वनस्पती, ४६० पक्षी आणि १५६ प्रकारचे शेणभुंगे तपासून मांडलेला निष्कर्ष तर अधिक अस्वस्थ करणारा आहे. वनकायद्यात बसेल इतकी, म्हणजे २० टक्केच तोड झालेल्या क्षेत्रातही जैवविविधतेच्या दृष्टीने असलेले मूल्य ३९ ते ५४ टक्क्यांनी घटले होते, कारण उरलेले ८० टक्के जंगल आतून पोखरलेले होते. संपूर्ण पारा राज्याचा हिशेब केला तर या पोखरणीमुळे झालेली हानी ९२,००० ते १,३९,००० चौरस किलोमीटर अस्पर्श जंगल तोडण्याइतकी भरत होती.

शेणभुंगा हा प्राणी यात का आला, असे कोणाला वाटेल. माकडे आणि इतर सस्तन प्राणी फळे खातात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, आणि शेणभुंगे ती विष्ठा मातीत पुरताना बियाही पुरतात. शिकारीने आणि तोडीने माकडे गेली की भुंग्यांचे अन्न जाते, भुंगे गेले की बिया उघड्यावर वाळतात किंवा उंदीर खातात. पारागोमिनासच्या परिसरात काआपोर कापुचिन हे अत्यंत संकटग्रस्त माकड आढळते. त्याच्यासाठी नकाशावरचा हिरवा रंग आणि राहण्याजोगे जंगल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून ‘पारागोमिनासने तोड थांबवली’ हे विधान खरे आहे आणि ‘पारागोमिनासने जंगल वाचवले’ हे विधान त्याच अर्थाने खरे नाही. जे मोजले गेले ते सुधारले. जे व्याख्येबाहेर होते ते नजरेआड झिजत राहिले. इन्पेने २००८ नंतर झिजलेल्या जंगलाची वेगळी नोंद ठेवायला सुरुवात केली आणि आजच्या देतेरमध्ये निवडक तोड, आगीचे डाग आणि झीज यांचे वेगळे थर आहेत. पण ज्या वार्षिक आकड्यावर सरकारांची प्रतिष्ठा पणाला लागते तो आकडा अजूनही संपूर्ण तोडीचाच आहे.

मालमत्तेच्या थरातही एक फट राहिली. ‘कार’ ही मालकाने स्वतः दिलेली माहिती असते, मालकीचा पुरावा नसतो. ॲमेझॉनच्या इतर भागांत सरकारी जंगलावरच हद्द आखून ती नोंदवायची आणि पुढे तीच नोंद दाव्यासाठी पुढे करायची, असा प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. जे साधन तोड करणाऱ्याला ओळखण्यासाठी बनले, ते जमीन बळकावणाऱ्याच्याही हाती गेले.

नकाशा खुला असण्याची किंमत

जुलै २०१९ मध्ये देतेरच्या सूचनांचे क्षेत्र २,२५४ चौरस किलोमीटर निघाले. आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये ते ५९६ होते. राष्ट्राध्यक्ष जाईर बोल्सोनारो यांनी हे आकडे खोटे असल्याचे म्हटले. इन्पेचे संचालक, भौतिकशास्त्रज्ञ रिकार्दो गाल्वाओ यांनी जाहीरपणे आकड्यांची बाजू घेतली आणि २ ऑगस्ट रोजी त्यांना पद सोडावे लागले. नोव्हेंबरमध्ये प्रोदेसचा वार्षिक अंदाज आला, तोही ९,७६२ चौरस किलोमीटर, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ ३० टक्क्यांनी अधिक. संचालक बदलता आला, नकाशा बदलता आला नाही, कारण त्याच प्रतिमा जगात इतरांकडेही होत्या, इमाझोन आणि मॅपबायोमास यांसारखे गट स्वतंत्रपणे मोजत होते, आणि मेरीलँड विद्यापीठाचे ३० मीटर चौकटीचे जागतिक नकाशे २०१४ पासून ‘ग्लोबल फॉरेस्ट वॉच’वर कोणालाही उघडता येत होते. तोड २०२१ मध्ये १३,००० चौरस किलोमीटरपर्यंत चढली, कारण नकाशा चालू होता पण पथके थंडावली होती. धोरण बदलल्यावर २०२४ च्या पहिल्या अंदाजात ती ६,२८८ पर्यंत उतरली.

कोकणातून पाहताना

पारागोमिनासचे प्रकरण वाचताना मला सारखी दोडामार्ग आणि सावंतवाडीच्या डोंगरांची आठवण येते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून दर दोन वर्षांनी वनस्थितीचा अहवाल काढते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या तुकड्यावर झाडांच्या छताची घनता १० टक्के वा अधिक आहे, तो तुकडा या अहवालात वनाच्छादनात मोजला जातो, मग जमीन कोणाचीही असो आणि झाड कोणतेही असो. आंबा, काजू, रबर यांच्या बागा त्या व्याख्येत बसतात. डोंगरउतारावरचे मूळ जंगल काढून रबराच्या रांगा लावल्या तर मधली काही वर्षे नकाशावर डाग दिसतो आणि रबर मोठे झाले की तो हिरवा होतो. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीला बंदी केली, तरीही त्यानंतर तिथे लागवडीसाठी जंगल साफ होत राहिले. हत्ती आणि पट्टेरी वाघ या दोघांचीही ये-जा असलेला हा पट्टा आहे. रबराच्या बागेत त्यांच्यासाठी चारा नाही, सावज नाही, आणि ओढ्याला उन्हाळ्यात पाणी धरून ठेवणारी मुळांची जाळीही तशी नाही.

पारागोमिनासला जो थर शून्यातून उभा करावा लागला तो महाराष्ट्राकडे आधीच आहे. गट क्रमांक आहेत, सातबारा आहे, आणि भूमी अभिलेखाचे गाव नकाशे ‘महाभूनकाशा’वर घरबसल्या पाहता येतात. वणव्याच्या बाबतीत वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाने टिपलेल्या आगीची सूचना नोंदणी केलेल्या माणसाच्या मोबाईलवर पाठवते, म्हणजे ठिपक्यापासून माणसापर्यंतची वाटही आपल्याला परकी नाही. एखाद्या गावच्या ग्रामपंचायतीत बसून, गट नकाशावर या महिन्यात झालेल्या तोडीचा थर ठेवून, ‘हा तुकडा गट क्रमांक अमुकमधला आहे, इथे काल-परवापर्यंत जंगल होते आणि आता रबराचे खड्डे आहेत’ असे ग्रामसभेत दाखवता आले पाहिजे. त्यासाठी लागणाऱ्या प्रतिमा दर पाच दिवसांनी युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांकडून विनामूल्य मिळतात. जून ते सप्टेंबर या काळात मात्र कोकणावर ढग असतील आणि त्या चार महिन्यांत पडद्यावर काहीच दिसणार नाही. तेवढ्या दिवसांसाठी ढगांपलीकडे पाहणाऱ्या रडारच्या प्रतिमा वापराव्या लागतील, किंवा चिखलातून चालत डोंगरावर जावे लागेल.